चुन्याची डोकी

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, मिस्टर काय करतात हेही विचारलं नाही. मला दारातच थांबवून ते म्हणाले, “बाई, मान जरा डावीकडं वळवता का?”

माझ्याबरोबर मलकापूरहून थोरला भाऊ आला होता. त्यानं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि डोळ्यांनीच ‘चल’ म्हणून खुणावलं. पण मी का कोण जाणे, मान वळवली. साठीला टेकलेला तो उंच, वाळका माणूस दोन पावलं मागं सरून बघत राहिला. त्या बघण्यात बाई बघणं नव्हतं. बाजारात आपण भोपळा उचलून बघतो तसं काहीसं ते होतं.

“कानाची पाळी मोकळी आहे,” ते स्वतःशीच म्हणाले. मग मला विचारलं, “काम काय करता?”

“सरकारी दवाखान्यात आहे. एक्स-रे काढते.”

“म्हणजे हाडांचं काम!” त्यांचा चेहरा एकदम उजळला. “मग खोली तुमचीच. वर जाऊन बघून या. नाही आवडली तरी तुमचीच.”

जिन्यात भाऊ कुजबुजला, “अगं, हे येडं हाय की.”

“असू दे,” मी म्हटलं. सासर सोडून आलेल्या बाईला चौऱ्याण्णव-पंच्याण्णव साली कोल्हापुरात खोली मिळवणं म्हणजे काय असतं, ते भावाला ठाऊक नव्हतं. प्रत्येक दारात ‘मिस्टर’ आडवे येत. इथं कानाच्या पाळीवर निभावलं होतं.

शिवाजी पेठेतल्या त्या घरात मी बारा-तेरा वर्षं राहिले. एवढ्या काळात त्यांनी मला माझ्या लग्नाबद्दल एकदाही विचारलं नाही. मी त्यांना ‘सर’ म्हणायची. पेठ त्यांना ‘मास्तर’ म्हणे, कारण ते शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. आणि तेही मला शेवटपर्यंत ‘बाई’च म्हणाले.

खालच्या सोप्यात, म्हणजे घराच्या दर्शनी भागात, तुळयांपर्यंत फळ्या ठोकलेल्या होत्या आणि त्या फळ्यांवर डोकी होती. नुसती डोकी. धड एकालाही नाही. काही नारळाएवढी, काही लिंबाएवढी. मधल्या फळीवर बुद्धाची: सरळ नाक, लाटालाटांचे केस, डोक्यावर अंबाड्यासारखा उंचवटा, ओठांच्या कोपऱ्यांत तांबडी काव भरलेली. बाकीच्या फळ्यांवर नाना तऱ्हेचे लोक. दाढीवाले, टकले, हसणारे, कपाळाला आठ्या घातलेले, रडू आवरून धरलेले. पहिल्या आठवड्यात मी कामावरून आले की खाली मान घालून जिना गाठायची. एवढ्या लोकांच्या समोरून जायचं म्हणजे लाज वाटायची.

परसात चुन्याचा हौद होता. कळीचा चुना आणून ते तो स्वतः विझवत आणि मग वर्ष-दोन वर्षं पाण्याखाली मुरत ठेवत. लोणी व्हावं तसा तो मऊ झाला की त्यात चाळलेली वाळू, संगमरवराची पूड आणि गुळाचं पाणी. गूळ कोडोलीचाच लागे. दुसऱ्या गुळानं चुना रुसतो, असं त्यांचं म्हणणं. त्या गुळापायी घरभर मुंग्या. मी तक्रार केली तर म्हणाले, “मुंग्या आल्या म्हणजे गूळ खरा आहे. रसायनाच्या गुळाला मुंगी तोंड लावत नाही.”

प्लास्टर ऑफ पॅरिसचा त्यांना मनापासून राग. गणपतीच्या दिवसांत कुंभार गल्लीतून जाताना ते नाकाला रुमाल लावत. “ते पीठ घटकेत घट्ट होतं, बाई. बोटाला विचार करायला वेळच देत नाही.” एका मंडळाची पोरं एकदा पुढाऱ्याचा पुतळा करून द्या म्हणून आली होती. सरांनी त्या पुढाऱ्याचा फोटो हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि परत दिला. “डोळे पुरते उघडे आहेत,” ते म्हणाले. “डोळे पुरते मिटले तर झोप आणि पुरते उघडले तर दुकानदार. अर्धे मिटलेले असतील तरच मी करतो.” पोरं गल्लीच्या टोकापर्यंत हसत गेली.

ही डोकी मुळात कुठली, ते मला पहिल्या पावसाळ्यात कळलं. भिजलेल्या हवेत चुना वाळत नाही, म्हणून तेव्हा त्यांना काम नसे आणि ते बोलत.

सत्तरच्या दशकात अफगाणिस्तानातल्या बामियानच्या प्रचंड बुद्धमूर्तींच्या डागडुजीसाठी भारतातून पथक जात असे. चुन्याचं काम जाणणारा म्हणून सर त्यात दोन हंगाम होते. बामियानला हिवाळ्यात बर्फ पडून काम थांबे, तेव्हा ते खाली जलालाबादजवळ हड्डा नावाच्या गावी जात. तिथं टेकड्यांखाली जुने विहार निघत होते आणि प्रत्येक विहारात चुन्याच्या मूर्ती. सोळा-सतराशे वर्षांच्या. त्या भागात कोरण्याजोगा दगड कमी, म्हणून कारागिरांनी मातीच्या गाभ्यावर चुना चढवून मूर्ती केल्या होत्या. धडं बहुतेक ढासळलेली, पण डोकी जशीच्या तशी. वाळू झटकली की माणूस आपल्याकडं बघायचा.

“आणि ती तोंडं कशी, माहीत आहे? ग्रीक!” हे सांगताना सर उभे राहत. “शिकंदर आला आणि गेला, हे आम्ही शाळेत घोकलं. जे मागं राहिले त्यांचं कुणी शिकवत नाही. त्यांनी तिथं घरं केली, त्यांची नातवंडं झाली, पणतवंडं झाली. देव विसरले, भाषा विसरले, पण हात विसरले नाहीत. पुढं त्या मुलखात बुद्ध आला. त्याला तोपर्यंत तोंड नव्हतं, बाई. पाऊल असायचं, झाड असायचं, रिकामं आसन असायचं. आता त्याचं तोंड घडवायला घेतलं, तेव्हा त्या हातांनी आपल्या आठवणीतल्या देवाचं नाक दिलं, केस दिले. घरी जायचं राहून गेलेल्या माणसांच्या हातची ती तोंडं आहेत.”

“आणि माझ्या हाडांचं काय?” मी विचारलं. “मला खोली कशी काय दिलीत?”

“हड्डा म्हणजे हाडच. बुद्धाच्या कवटीचं हाड तिथं पूजेला होतं, असं चिनी प्रवासी लिहून गेलेत. हाडांचं काम करणारी बाई दारात आली, तिला नाही कशी म्हणू?” मग जरा थांबून म्हणाले, “तुमच्या त्या काचेवर माणूस कुठला आहे ते कळतं का हो?”

“नाही सर. हाड सगळ्यांचं सारखंच.”

“मग तुमच्यापेक्षा माझं काम बरं,” ते म्हणाले.

हड्ड्यातल्या बुद्धाभोवती जी माणसं होती, ती त्या कारागिरांच्या गल्लीतली असणार, असं सरांचं पक्कं मत होतं. वाणी, न्हावी, उंटवाले. म्हणून सरही कोल्हापुरातली माणसं करत. त्यासाठी ते माणसांकडं टक लावून बघत. बसस्टॉपवर, बँकेच्या रांगेत, रंकाळ्यावर, जेवायला बसलेल्या पंगतीतसुद्धा. यावरून त्यांना शिव्या खाव्या लागत. महाद्वार रोडवर एका नवरदेवाकडच्या माणसानं त्यांची कॉलर धरली होती, कारण ते नवरीच्या आजीकडं बघत राहिले होते. “तिच्या वरच्या ओठाला काय सुंदर दुमड होती,” एवढंच त्यांनी घरी येऊन सांगितलं.

गल्लीच्या तोंडाशी भाजी विकायला बसणारी एक मावशी होती. तिला मात्र त्यांच्या बघण्याचं काही वाटत नसे. “मास्तर, बगून झालं आसंल तर मेथी घ्या की,” ती म्हणायची. तिचं डोकं तिसऱ्या फळीवर होतं. कपाळावरचं गोंदण त्यांनी ओल्या चुन्यात सुईनं टोचलं होतं. एकदा मीच तिला आत नेऊन ते दाखवलं. मावशीनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, “आत्ता गं बया. माजी आई हाय ही.”

दर रविवारी सर टाऊन हॉलच्या संग्रहालयात जात. तिथं ब्रह्मपुरीच्या टेकाडावर उकरताना सापडलेला समुद्रदेवाचा छोटा पुतळा आहे. दोन हजार वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांच्या सामानातून पश्चिमेच्या समुद्रापलीकडून आलेला. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. आजूबाजूला कुणी नाही असं बघून ते काचेजवळ वाकले आणि हळूच म्हणाले, “काय पावणं, बरं हाय न्हवं?” घरी कधी कोल्हापुरी न बोलणारा माणूस तिथं कोल्हापुरी बोलला. मी पुढच्या कपाटाकडं गेले. दुसऱ्याच्या पाहुण्याशी चाललेलं बोलणं ऐकू नये.

पैलवानाची गोष्ट त्यानंतरची.

हड्ड्याच्या एका कोनाड्यात बुद्धाच्या शेजारी त्याचा राखणदार बसलेला होता. बौद्ध त्याला वज्रपाणी म्हणतात, पण कारागिरानं घडवला होता तो थेट ग्रीकांचा हेराक्लीस. ग्रीकांचा भीमच म्हणा. दाढी, बैलासारखी मान, खांद्यावर सिंहाचं कातडं. फक्त हातातली गदा काढून वज्र दिलेलं. त्याच्या गुडघ्याला तडा गेला होता आणि तो सरांनी स्वतः चुना भरून सांधला होता. तो राखणदार त्यांना करायचा होता आणि तसा माणूस सापडत नव्हता.

तो सापडला दुधाच्या कट्ट्यावर. आमच्या गल्लीतल्या तालमीचा एके काळचा नावाजलेला पैलवान, गुडघा निकामी झाल्यावर म्हशी पाळून धारोष्ण दूध विकायचा. सर त्याच्यापुढं रिकामा पेला धरून इतका वेळ उभे राहिले की म्हैस आटली. पैलवान शेवटी म्हणाला, “मास्तर, दूध पायजे का मी पायजे?”

“तुम्ही,” सर म्हणाले.

पैलवान दुपारी धारांच्या आधी येऊन बसायला लागला. पहिल्या दिवशी त्यानं अंगाला तेल लावून, दंड फुगवून, छाती काढून बैठक मारली.

“असं नाही. जरा सैल बसा,” सर म्हणाले. “दमल्यासारखे.”

“पैलवान आसा बसत न्हाय, मास्तर. लोक काय म्हंतील?”

“हा बसतो. हा कुस्तीला नाही आलेला. राखणीला बसलाय.”

“कुनाची राकन?”

“बुद्धाची.”

पैलवानानं विचार केला. “त्यास्नी कोन मारतंय?”

सर हसले आणि चुना मळायला लागले.

त्या दुपारी पैलवान हळूहळू खरंच सैल बसू लागला. आणि बोलूही लागला. मैदानात लोक खांद्यावर घेऊन नाचायचे ते. मग गुडघा गेल्यावर तालमीत जायचं बंद केलं ते. पोरं पाया पडायची आणि लगेच दुसरीकडं बघायची, ते त्याला सोसलं नाही. सर काही बोलत नसत. पण मला वाटतं, आपलं सगळं म्हणणं कुणीतरी डोळ्यांनी ऐकतंय असं त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं असणार. दवाखान्याला सुट्टी असली की मी चहा घेऊन खाली जायची आणि जिन्याच्या पायरीवर बसायची.

डोकं आणि खांदे पुरे झाले. छातीवर सिंहाच्या पंजांची गाठ. पैलवानानं ते सगळ्या बाजूंनी पाहिलं. “ह्यो मी न्हवं,” तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, “ह्यो हारलेला हाय.”

“हरलेला नाही,” सर म्हणाले. “घरापासून लांब आहे.”

दुसऱ्या दिवसापासून पहाटे आमच्या दाराशी पैलवानाकडून दुधाचा तांब्या येऊ लागला. पैशाचं विचारलं तर तो ऐकू न आल्यासारखं करायचा.

सर गेल्यावर त्यांच्या बहिणीच्या मुलांनी घर विकायला काढलं, तेव्हा पैलवान चार पोरं घेऊन आला आणि ते डोकं उचलून घेऊन गेला. आज ते तालमीत मारुतीच्या खालच्या पायरीवर आहे. नवीन पोरं मारुतीला नमस्कार करतात आणि आपसूक त्याच्याही पाया पडतात. कुणीतरी त्याला शेंदूर लावलाय. सरांना राग आला असता की हसू, मला अजून ठरवता आलेलं नाही. बाकीची डोकी ज्याच्या त्याच्या घरी गेली. मावशीनं आपल्या आईला नेलं.

पण हे पुढचं; त्याआधी, दोन हजार एकच्या मार्चमध्ये बामियानच्या मूर्ती सुरुंगानं उडवल्या. सरांकडं टीव्ही नव्हता. संध्याकाळच्या बातम्यांना मी त्यांना वर बोलावलं. बोलावू नये असंही वाटत होतं, पण त्यांना दुसऱ्याकडून कळलं असतं. एवढ्या वर्षांत माझ्या खोलीत ते पहिल्यांदाच आले. खुर्ची दिली तरी उभेच राहिले.

पडद्यावर डोंगरातला तो उंच कोनाडा दिसला. “डावीकडची कड बघा,” ते पुढं होऊन बोट दाखवत म्हणाले. “ती आम्ही भरली होती. उन्हाळाभर लागलो होतो.” तेवढ्यात धूळ उठली. काचेवर टेकलेलं त्यांचं बोट तिथंच राहिलं.

“बंद करू का, सर?”

“नको. धूळ बसू द्या.”

पण बातम्यांना धूळ बसेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. लगेच बाजारभाव आले, क्रिकेट आलं, हवामान आलं. सर सगळं उभ्यानं बघत राहिले. मग म्हणाले, “हड्डा आहे अजून. वाळूखाली आहे. वाळू सांभाळते.” आणि कठडा धरून खाली गेले.

त्यानंतर त्यांनी चुन्याला हात लावला नाही असं नाही. हौदात पाणी घालत, मुरलेला चुना ढवळत. पण नवीन डोकं केलं नाही. उन्हाळ्याच्या शेवटी मावशीनं मला भाजी घेताना थांबवलं.

“मास्तर आजारी हाईत व्हय?”

“नाही. का?”

“न्हाय, मला आपलं वाटलं.” ती जुडीची माती झटकत राहिली. “हल्ली बगत न्हाईत वो माज्याकडं. पैसं देत्यात, मेथी घेत्यात आन जात्यात. कसंतरीच वाटतंय.”

मग मीही लक्ष ठेवलं. खरंच होतं. ते रस्त्यानं पायाकडं बघून चालत. बँकेच्या रांगेत पुढच्याच्या पाठीकडं बघत. ज्या माणसाची सगळी माणसं फक्त बघण्यातून जोडलेली, त्यानं बघणं सोडलं तर उरतं काय? संध्याकाळी मी वर स्वयंपाक करायची, ते खाली पिठलं-भात टाकायचे. भांड्यांचे आवाज एकमेकांना ऐकू यायचे. कधी त्यांच्याकडून आवाज आला नाही तर मी मुद्दाम वाटी पाडायची. मग खालून पळीचा आवाज यायचा.

पाच-सहा वर्षं अशीच गेली.

माझा भाचा तेव्हा पुण्यात शिकत होता. पुण्यात अफगाणी मुलं बरीच शिकायला येत. भाच्याच्या वर्गात एक होता, तो जलालाबादचा निघाला. भाच्यानं फोनवर हे सहज सांगितलं, मी सरांना सांगितलं आणि मग घरात जे सुरू झालं ते विचारू नका. सरांनी सोपा धुऊन काढला. डोक्यांवरची धूळ मऊ कुंचल्यानं झाडली. बुद्धाच्या ओठांना नव्यानं काव भरली. मला तर वाटलं, मुलीला बघायला येणार आहेत.

दोघं दुपारच्या गाडीनं आले. एस.टी.तल्या प्रवासानं घामेजलेला, गोरा, भुवया जुळलेला तरुण दारात उभा राहिला. तो नमस्ते म्हणणार तेवढ्यात सर पुढं झाले आणि मी कधी न ऐकलेल्या भाषेत म्हणाले, “स्तडे मा शे.”

त्या मुलाच्या खांद्यावरची बॅग खाली पडली. “ख्वार मा शे,” तो म्हणाला. आणि सरांचे दोन्ही हात हातात धरून तो तसाच उभा राहिला.

नंतर त्यानं आम्हाला हिंदीत अर्थ सांगितला. काम करणाऱ्याला त्यांच्याकडं असं म्हणतात: थकू नकोस. त्यावर दुसरा म्हणतो: तुझे हाल होऊ नयेत. “माझे आजोबा शेतावर असंच म्हणत,” तो म्हणाला. “असेच, हेच हेल काढून. आम्ही नंतरची पोरं असे हेल काढत नाही. आजोबा गेल्यापासून मी हे असं ऐकलं नव्हतं.”

सरांना आणखी शब्द येत होते, पण ते सगळे खोदकामावरचे. पाणी. आण. हळूहळू. पुरे. उद्या. चुन्याला तिकडंही चुनाच म्हणतात आणि चहाला चाय. एक-एक शब्द ते ट्रंकेतून कपडा काढावा तसा काढत होते आणि तो मुलगा प्रत्येकावर मान हलवत होता. शब्द संपले. मग सर त्याला फळ्यांपाशी घेऊन गेले.

मुलानं सगळं आदरानं पाहिलं. पण त्याला त्यातलं काही ओळखीचं नव्हतं, हे मला जिन्यापाशी उभं राहूनही दिसत होतं. तो पेशावरच्या निर्वासितांच्या छावणीत वाढलेला. इंजिनिअरिंग शिकत होता. ग्रीक त्याच्या गावावरून गेले होते, हे तो पहिल्यांदाच ऐकत होता.

“हड्डा तुम्हाला माहीत असेल,” सर म्हणाले.

“हो. जैतुनाची मोठी बाग होती तिथं. आम्ही त्या बागेवरूनच ओळखतो.”

“आणि टेकडी? मूर्तींची?”

मुलानं भाच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. खोटं बोलावं की काय असं क्षणभर त्याला वाटलं असणार. पण ज्यानं आजोबांच्या शब्दांत स्वागत केलं त्याच्याशी खोटं बोलणं त्याला जमलं नाही. “ती जागा लढाईत जळाली, साहेब. मी अगदी लहान होतो तेव्हाच. काका सांगतात. जे उरलं ते लोकांनी उकरून विकलं. आता तिथं नुसती माती आहे.”

“वाळूखाली काही असेल,” सर म्हणाले.

“नाही, साहेब.”

सरांनी मान हलवली. “बाई, चहा करता का?” एवढंच म्हणाले.

जेवणं झाली. तांबडा-पांढरा रस्सा मुलगा चवीनं जेवला. निघताना सरांनी फळीवरचा सगळ्यांत चांगला बुद्ध त्याच्यापुढं धरला. त्यानं तो हातात घेतला, बघितला आणि दोन्ही हातांनी परत दिला. “हे मी घरी नाही ठेवू शकणार. माफ करा.” “बरोबर आहे,” सर म्हणाले आणि आत जाऊन गुळाची छोटी ढेप घेऊन आले. ती त्यानं छातीशी धरून नेली.

आम्ही दोघं त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. गाडी हलली, मुलानं खिडकीतून हात केला. परतताना सरांनी रिक्षा नको म्हटलं. स्टँडवरून पेठेपर्यंत आम्ही चालत निघालो. बिंदू चौक मागं पडला. मग एकदम, रस्ता ओलांडायला थांबलो होतो तेव्हा म्हणाले, “मी सुट्टीवर आलो होतो, बाई.”

मला कळलं नाही. “कधी?”

“तेव्हाच. आई पडली म्हणून तार आली. म्हटलं, महिनाभर राहून परत जाऊ. सामान तिथंच ठेवून आलो होतो. आई आठ वर्षं अंथरुणाला खिळून राहिली. तोवर तिकडं राज्य उलथलं, रस्ते बंद झाले. शाळेत नोकरी धरली, तीही तात्पुरती म्हणून. स्थळं सांगून यायची, तेव्हा म्हणायचो, मला परत जायचंय, कुणाच्या मुलीला कशाला अडकवा.” समोरून के.एम.टी.ची बस गेली. ती जाईपर्यंत ते थांबले. “आणि जिथं जायचं होतं ते केव्हाच जळालं होतं. मी इथं डोकी करत बसलो होतो, तेव्हाच.”

त्यांचा हात धरून मी त्यांना रस्ता ओलांडून दिला. पलीकडं गेल्यावरही त्यांनी हात सोडवला नाही. पेठेतल्या लोकांनी पाहिलं असेल. पाहू दे, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी उशिरा खाली आले तर घराची दारं सताड उघडी आणि सोप्याच्या मागच्या त्यांच्या खोलीतून ठोकाठोकीचा आवाज. त्या खोलीत मी कधी गेले नव्हते. डोकावले. दोन सुतार नवा लाकडी पलंग जोडत होते. सर सकाळीच जाऊन पसंत करून आले होते. भिंतीला टेकवून एक घडीची खाट ठेवली होती, तंबूत वापरतात तसली, लोखंडी नळ्यांची, किंतान फाटून चारदा शिवलेलं. इतकी वर्षं ते त्या खाटेवर झोपत होते, हे मला त्या दिवशी कळलं.

“सिंगल हाय, पर लांबीचा बगून घेतलाय मास्तरांनी,” सुतार घाम पुसत म्हणाला. “मास्तर, खाट भंगारात टाकू?”

सरांनी खाटेकडं पाहिलं. “टाक,” ते म्हणाले.

सुतार खाट घेऊन गेले. सर पलंगाच्या काठावर बसले, दोन्ही तळवे टेकून त्यांनी जरा जोर दिला.

“बाई, कुरकुरतोय,” ते म्हणाले.

“नवीन आहे, सर. बसेल हळूहळू.”

त्यांनी मान वर केली आणि कितीतरी वर्षांनी माझ्याकडं नीट, निरखून बघितलं. कपाळ, भुवया, मग हनुवटी. मी हलले नाही.

“तुम्ही म्हाताऱ्या व्हायला लागलात की,” ते म्हणाले. “बसा जरा तिथं, उजेडात.”